रबाबाचे पैसे कोणी दिले?



गेला आठवडाभर आपण नामदेव महाराजांची गुरू ग्रंथ साहिबातली पदं वाचतोय. एकूण ६१ पदं आहेत, आपण जेमतेम दहाव्यापर्यंत पोचलोय, त्यामुळे घाई नाही. आज पद बाजूला ठेवून एका वेगळ्याच माणसाबद्दल लिहितोय. कारण वाचताना रोज एक गोष्ट डोळ्यांत भरते : हा ग्रंथ विषयांप्रमाणे किंवा कवींप्रमाणे नाही, तर रागांप्रमाणे लावलाय. मुख्य राग ३१. नामदेवांचं पद कुठे सापडेल, हे ते कोणत्या रागात गायचं यावर ठरतं. म्हणजे ग्रंथ मुळात गायचा आहे.

गाणं म्हटलं की गुरू नानकांचं ते ओळखीचं चित्र आठवतं. मध्ये नानकदेव, एका बाजूला भाई मर्दाना, त्यांच्या मांडीवर रबाब. रबाब म्हणजे आतून कोरलेल्या लाकडावर कातडं ताणून केलेलं तंतुवाद्य. नानक शब्द गात आणि मर्दाना साथ करत. असं करत दोघं कुठून कुठे चालत गेले, ते आपल्याला माहीत आहे. पण तो रबाब आला कुठून? नानकांनी तर तेव्हा नोकरी सोडलेली होती, खिशात काही नव्हतं.

रबाबाचे पैसे थोरल्या बहिणीने दिले. तिचं नाव नानकी. पंजाबात तिला आदराने 'बेबे नानकी' म्हणतात. हे 'बेबे' म्हणजे आपलं 'ताई' आणि 'माई' एकत्र केल्यासारखं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. यातलं बहुतेक आपल्याला जनमसाख्यांमधून कळतं. जनमसाखी म्हणजे नानकदेवांच्या चरित्रकथा, आपल्याकडचा महिपतींचा 'भक्तविजय' असतो ना, साधारण तशा जातीच्या. त्या नंतरच्या काळात लिहिल्या गेल्या, एकीत एक सांगितलंय तर दुसरीत दुसरं, चमत्कार भरपूर. इंजिनीअर डोक्याला हे थोडं टोचतं, मलाही टोचतं. पण भक्तांनी कोणती गोष्ट जपून पुढे दिली, यालाही अर्थ असतोच. म्हणून मी 'सांगतात' हा शब्द बऱ्याचदा वापरणार आहे, तेवढं चालवून घ्या.

नानकीचा जन्म १४६४ चा, नानकांचा १४६९ चा. पाच वर्षांचं अंतर. पंजाबीत आजोळाला 'नानके' म्हणतात. पोरगी आजोळी जन्मली म्हणून तिचं नाव नानकी पडलं, असं सांगतात. ते आजोळ लाहोरजवळचं चाहल गाव. पाच वर्षांनी तलवंडीला, म्हणजे आजच्या पाकिस्तानातल्या ननकाना साहिबला, भाऊ झाला. बहीण नानकी, म्हणून भाऊ नानक! एक परंपरा असंच सांगते. आज जगभर लाखो लोक जे नाव घेतात, ते आधी एका पाच वर्षांच्या मुलीचं होतं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुस्तक मिटवून थोडा वेळ तसाच बसलो होतो.

वडील मेहता कालू हे गावचे पटवारी. हिशेब, जमाबंदी, वसुली. सरळमार्गी माणूस, मुलाचं नीट व्हावं एवढीच इच्छा. आणि मुलगा कसा? गुरं चारायला पाठवावं तर ध्यान लावून बसणारा, कधी दिवसचे दिवस गप्प पडून राहणारा. घरच्यांनी शेवटी वैद्य बोलावला, अशी साखी आहे. वैद्याने नाडी पाहिली, तेव्हा नानकांनी सांगितलं की दुखणं नाडीत नाही, आत आहे. मग ती २० रुपयांची प्रसिद्ध गोष्ट : वडिलांनी व्यापारासाठी पैसे दिले, फायद्याचा सौदा करून ये म्हणाले, आणि नानक वाटेत भेटलेल्या उपाशी साधूंना जेवू घालून रिकाम्या हाताने परत आले. याहून खरा सौदा कोणता, असा त्यांचा हिशेब. पटवाऱ्याच्या वहीत तो बसणारा नव्हता. वडिलांनी थोबाडीत दिली, आणि बऱ्याच कथनांत तेव्हा मध्ये पडते ती बहीण.

इथे कालूंना खलनायक करायची फार सोपी सवय आपल्याला लागलीय. प्रवचनांतही ऐकतो मी, 'त्या संसारी बापाला काय कळणार' वगैरे. मला ते पटत नाही. २० रुपये तेव्हा मोठी रक्कम होती, आणि मुलाच्या काळजीने वैद्य आणणारा बाप प्रेमात कमी पडत नव्हता. नानकीचं प्रेम वडिलांपेक्षा जास्त होतं, असंही मला वाटत नाही. फरक एवढाच की वडिलांना मुलामध्ये काय नाहीये ते दिसत होतं आणि बहिणीला काय आहे ते. एकच मुलगा, एकच घर, तीच लक्षणं. गप्प बसणं एकाला आजार वाटलं, दुसरीला नाही.

आणि हे तिला कधी दिसलं बघा. ना पद होतं, ना संगत, ना गुरूपण. पुरावा म्हणावा असं काहीच नव्हतं. शीख परंपरा बेबे नानकीला 'पहिली शीख' मानते, शीख म्हणजे शिष्य. हा मान तिला बहीण म्हणून नाही, तर सर्वांत आधी ओळखलं म्हणून.

पण नुसतं ओळखून भागत नाही. मला नानकीबद्दल सगळ्यात जास्त आवडतं ते यापुढचं.

तिचं लग्न झालं होतं जयरामशी. हे जयराम सुलतानपूरला, म्हणजे आजच्या पंजाबातल्या कपूरथळा जिल्ह्यातल्या सुलतानपूर लोधीला, दौलतखान लोदीच्या चाकरीत महसूल खात्यात होते. तलवंडीत बाप-लेकाचं बिनसत चाललेलं. तेव्हा बहीण-मेहुण्यांनी नानकांना सुलतानपूरला बोलावून घेतलं आणि जयरामांनी शब्द टाकून त्यांना दौलतखानाच्या मोदीखान्यात लावलं. आजच्या भाषेत रेफरल! मोदीखाना म्हणजे सरकारी कोठार. शेतसारा धान्यात यायचा, ते तिथे जमा व्हायचं, तिथून मोजून दिलं जायचं. पटवाऱ्याचा मुलगा, हिशेब घरातच शिकलेला, काम जमलं.

ही बहिणीची युक्ती नीट बघण्यासारखी आहे. वडिलांना हवं होतं की पोराने नोकरी करावी. पोराला हवं होतं नामस्मरण. तिने दोघांपैकी कोणालाही हरवलं नाही. भावाला वडिलांच्या नजरेच्या टप्प्यातून बाहेर काढलं, नोकरीही लावून दिली, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला त्याच्या वाटेवर मोकळं सोडलं. सुलतानपूरच्या काळात नानक पहाटे वेईं नदीवर स्नानाला जात, दिवसा कोठारात काम करत आणि रात्री कीर्तन. पहाटेचं नाम, दिवसाचं कष्टाचं काम, मिळेल ते वाटून खाणं, या ज्या गोष्टींवर पुढे सगळी शीख जीवनपद्धती उभी राहिली, त्यांचं वेळापत्रक बहिणीच्या गावात बसलं. ज्यांना 'जॉब सांभाळून साधना कशी करू' असं वाटतं (कमेंटमध्ये दर आठवड्याला हा प्रश्न असतो), त्यांनी सुलतानपूरची वर्षं जरूर वाचावीत.

मोदीखान्यातली 'तेरा'ची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. धान्य मापताना एक, दोन, तीन करत तेरावर आलं की नानक तिथेच अडकत. तेरा म्हणजे १३, आणि तेरा म्हणजे 'तुझं'. मग पुढचं प्रत्येक माप 'तेरा, तेरा' म्हणतच पडायचं. चहाडी झाली की हा कोठार लुटवतोय. हिशेब तपासले, तर तूट सोडाच, शिल्लक निघाली. सुलतानपूरला हट साहिब गुरुद्वारात दगडी वजनं जपून ठेवलीत, ती त्याच कोठारातली मानतात. या साखीत सगळे नानकांकडे बघतात. मी जयराम-नानकीकडे बघतो. शिफारस करणाऱ्याची अब्रूही त्या वहीत अडकलेली असते. आपण रेफर केलेल्या माणसाचं ऑडिट चाललंय आणि आपण घरी स्वयंपाक करतोय, ही जागा काही सुखाची नाही.

यापेक्षा मोठी परीक्षा पुढे आली. एके दिवशी नानक पहाटे वेईंवर गेले आणि परत आलेच नाहीत. काठावर कपडे सापडले. दौलतखानाने जाळी टाकून शोध घ्यायला लावला, हाती काही लागलं नाही. सगळ्या गावाने धरून चाललं की माणूस बुडाला. हा प्रसंग परंपरेने १४९९ च्या सुमाराचा धरला जातो. एकटी नानकी म्हणत राहिली की माझा भाऊ बुडणारा नाही, तो बुडणाऱ्यांना तारायला आलाय. तिसऱ्या दिवशी नानक बाहेर आले, आणि त्यांचा पहिला उद्गार होता की इथे ना कोणी हिंदू आहे ना मुसलमान. तिथून पुढे ते गुरू नानक.

ते तीन दिवस पाण्याखाली काय झालं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. काठावरच्या तीन दिवसांवर कोणी फारसं लिहीत नाही. रडणारी भावजय, लहान मुलं, 'आता मान्य कर बाई' म्हणणारे शेजारी, आणि कपड्यांचा तो ढीग. श्रद्धा म्हणतो आपण, ती त्या काठावर कशी दिसत असेल? मला तरी ती तेजस्वी वगैरे दिसत नाही, हट्टी दिसते. थोडी वेडगळसुद्धा.

आणि भाऊ परत आला, तो कोणासाठी? घरासाठी नाही. तो निघाला. नोकरी सोडली, होतं नव्हतं ते वाटून टाकलं, आणि म्हणाला की आता फिरायचं. सासरची माणसं येऊन भांडली, आई-वडील दुखावले. आता नानकी काय करेल? तीन दिवस नदीकाठी ज्याची वाट पाहिली त्याला निदान आता तरी धरून ठेवेल, असं कोणालाही वाटेल. तिने रबाबासाठी पैसे काढून दिले.

मर्दाना तलवंडीचेच, जातीने मिरासी, धर्माने मुसलमान, नानकांहून वयाने मोठे. म्हणजे नानकीच्याही लहानपणापासूनच्या ओळखीचे. नानकांनी त्यांना सांगितलं की चांगला रबाब हवा. मर्दाना म्हणाले, पैसे? नानक म्हणाले, बेबेकडे माग. तिने दिले. भरोआणा गावच्या फिरंदा नावाच्या कारागिराकडे ते वाद्य मिळालं. काही कथनांत फिरंदाने पैसे घेतलेच नाहीत असंही येतं. घेतले असोत की नसोत, तिने दिले होते. भाऊबीजेला बहीण ओवाळते आणि भाऊ ताटात काहीतरी टाकतो. इथे ताट उलटं फिरलं. आणि तिने घातलेली ओवाळणी त्याला घरी राहायला नाही, घरापासून लांब जायला उपयोगी पडणारी होती.

इथे मला माझी ताई आठवल्याशिवाय राहत नाही. मी सेकंड इयरला असताना एकादशीला पुण्याहून आळंदीला चालत जायला लागलो, तेव्हा बाबांना वाटलं पोरगं आता बुवा होणार. ताईने एकच विचारलं, "सबमिशन वेळेत देतोय ना? मग जाऊ दे." आणि पुढच्या पगारात मला चालायचे बूट आणले. तिला स्वतःला वारी-बिरीचं फार काही नाही, आजही नाही. पण अनवाणी पायाला फोड येतात हे तिने बघितलं होतं.

आता एक न सुटणारी गोष्ट. 'संतांची बहीण' म्हटलं की आपल्या मराठी मनात लगेच मुक्ताई येते. पण मुक्ताई धाकटी, आणि ती स्वतःच अधिकारी. तिचे अभंग आहेत, चांगदेवांसारखा माणूस तिचा शिष्य झाला, रुसून आत बसलेल्या भावाला ताटी उघडायला लावणारी ती. बेबे नानकीची एक ओळही आपल्यापाशी नाही. नानकांच्या ९७४ रचना गुरू ग्रंथ साहिबात आहेत, तिची एकही नाही. जनमसाख्यांत ती बोलते ते भावाबद्दल. तिला काय हवं होतं, तिला काय खुपत होतं, हे विचारणारी एकही साखी माझ्या वाचनात नाही. तिला मूल नव्हतं. भाऊ निघून गेल्यावर त्याचा थोरला मुलगा श्रीचंद तिने आपल्याकडे ठेवला, पोटच्या पोरासारखा वाढवला, असं सांगतात. म्हणजे भावाच्या वाटेचा खर्च फक्त रबाबापुरता नव्हता. घर कोणीतरी चालवत होतं म्हणून कोणीतरी बाहेर चालत होतं. त्यात नानकांच्या पत्नी सुलक्षणीचं ओझं तर आणखी वेगळं, आणि त्यांच्याबद्दल साख्या याहूनही कमी बोलतात.

याला 'त्याग' म्हणून हार घालून मोकळं होणं मला जमत नाही. थोरल्या बहिणींकडून आपण हे इतकं गृहीत धरतो की तिने न विचारता दिलं की आपल्याला गोड वाटतं. पण दुसऱ्या बाजूने, तिला बिचारी म्हणणंही चूक ठरेल. जिला गावाच्या विरुद्ध तीन दिवस उभं राहता येतं ती बिचारी नसते. तिने बघून-समजून निवड केली असं मला वाटतं, आणि त्या निवडीची किंमत तिलाच माहीत होती. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

नानकांना ही जाणीव होती का? एका साखीत ते प्रवासातून परत येतात तेव्हा नानकी त्यांच्या पाया पडायला वाकते. ते अडवतात. तू थोरली, पाया मी पडायचं, म्हणतात. तिचं उत्तर असं की वयाने मोठी असेन, पण मी तुझ्यात भाऊ बघत नाही. यात कोण कोणाच्या पाया पडलं हे मला नीट ठरवता येत नाही, आणि ठरवू नये असंच बहुतेक साखीलाही वाटत असावं. संबंध दोन्ही बाजूंनी खरा राहिला. जगासाठी गुरू झालेला माणूस सुलतानपूरला आला की धाकटाच होता.

ती फुलक्याची गोष्टही याच घरातली. बेबे तव्यावर फुलके करत होती. एक फुलका छान टम्म फुगला, आणि तिच्या मनात आलं की हा गरम गरम वीराने खायला हवा होता. वीर म्हणजे भाऊ. तेवढ्यात दाराशी आवाज आला. शीख घरांत ही गोष्ट आयांनी मुलांना किती वेळा सांगितली असेल! आठवण काढली की येईन, असं वचन तो देऊन गेला होता म्हणे. यात चमत्कार शोधायचा तर शोधा. मला त्यातला तवा खरा वाटतो. तिचं स्मरण माळेवर नव्हतं, स्वयंपाकघरात होतं, आणि त्याला मुहूर्त लागला नाही.

१५१८ मध्ये सुलतानपूरलाच ती गेली. त्या वेळी नानक तिच्याजवळ होते, असं परंपरा सांगते. थोड्याच दिवसांत जयरामही गेले. त्यानंतर काही वर्षांनी नानकांनी रावीकाठी करतारपूर वसवलं आणि तिथे स्थिरावले. शेती करू लागले, लंगर चालू झालं, संगत जमू लागली, पत्नी-मुलं जवळ आली. सुलतानपूरला बेबेच्या घराशेजारी जसा दिवस लागला होता, पहाटे नाम, दिवसा काम, संध्याकाळी कीर्तन, तसाच दिवस आता एका अख्ख्या गावाचा झाला. ते बघायला ती नव्हती.

आणि रबाब? मर्दानांनंतर त्यांचा मुलगा शहजादा गुरूंच्या साथीला बसला. पुढे मुसलमान रबाबी घराण्यांनी गुरुघरचं कीर्तन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. अमृतसरच्या हरमंदिर साहिबात ते १९४७ पर्यंत गात होते, फाळणीत बहुतेक जण पलीकडे गेले. आपण वाचतोय ती नामदेवांची पदंही त्यांच्या गळ्यातून तिथे गेली असणार, पंढरपूरच्या शिंप्याचे शब्द. अलीकडे काही तरुण पोरं पुन्हा रबाब शिकताहेत, यूट्यूबवर सापडतील. हेडफोन लावून एकदा ऐका. आवाज सतारीसारखा चमकत नाही, जरा खर्जातला, लाकडाचा वाटतो.

उद्या पुन्हा नामदेवांकडे, अकरावं पद.